भुंग्याने ओरबाडलेल्या दरवाज्याची कैफियत

मी एक जुना दरवाजा आहे, आणि मला कुत्रे आवडत नाहीत. मित्रांनो, हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे तुमची फसगत व्हायला नको. कुत्र्याची गोड गोष्ट ऐकायची असेल तर एखाद्या गुबगुबीत उशीकडे जा. माझ्या खालच्या फळीवरचे ओरखडे ज्याने पाहिलेत, तो माझ्याकडून गोडवा मागणार नाही.

माझं मूळ चांगलं आहे. एका वकिलाच्या कचेरीसाठी मला घडवलं. सुतार म्हातारा आणि तिरसट होता, पण त्याने माझ्या फळ्या इतक्या घोटल्या की कचेरीत येणारी माणसं बेल वाजवायच्या आधी माझ्यावरून हात फिरवायची. माझा स्वभाव त्या सुतारावर गेला असावा. पुढे ती इमारत पाडली आणि मी जुन्या लाकडांच्या वखारीत येऊन पडलो. तिथे ओल, वाळवी आणि भुंगे. भुंगा म्हणजे काय, ते लाकडाला विचारा. तो अंगात शिरतो, पोखरतो आणि खाली भुगा सांडून मोकळा होतो.

त्या वखारीतून मला एका बाईंनी विकत घेतलं. त्यांना सगळे आई म्हणत. मी त्यांच्या चौकटीपेक्षा उंच निघालो, म्हणून मला पायाकडून कापलं. तेव्हा मी बराच कुरकुरलो, पण आईंनी मला जपलं. अधूनमधून त्या जुन्या कापडाने मला तेल लावायच्या आणि आल्यागेल्याला सांगायच्या, "असं लाकूड आता मिळत नाही हो." ती माझी सुखाची वर्षं. आईंचा एकच कायदा होता. उंबरठ्यावरून बाहेर पडताना कुणी "जातो" म्हणायचं नाही, "येतो" म्हणायचं. कुणाच्या तोंडून चुकून "जातो" निघालंच, तर त्याला परत आत बोलावून, घोटभर पाणी पाजून, पुन्हा निघायला लावायच्या.

मग आई गेल्या. त्यांच्या मुलाला त्या बाळ्या म्हणत. त्याची चाळिशी उलटली, तरी मीही बाळ्याच म्हणतो. त्याने माझ्या छातीला भोक पाडून एक नवं कुलूप बसवलं. दार ओढलं की ते आपोआप लागतं आणि बाहेरून किल्लीशिवाय उघडत नाही. त्यानंतर माझ्या अंगाला तेलाचा थेंब लागलेला नाही. बाळ्या छापखान्यात मशीनवर असतो. दिवसभराच्या खडखडाटाने त्याचं डोकं उठतं, मग घरी आल्यावर त्याला कुणाचा आवाज सहन होत नाही. त्याची बायको, म्हणजे आमची सूनबाई, चष्म्याच्या दुकानात लोकांचे नंबर तपासते. घरात दोघंच, आणि दोघं कमी बोलणारी. सगळं कसं शांत होतं.

अशा घरात सूनबाईने कुत्रा आणला.

तो तिने शेल्टरमधून आणला होता. काळा कुळकुळीत, पोट खपाटीला गेलेलं, एक कान वाकलेला. आधी त्याला कुणीतरी पाळलं होतं आणि मग एका बंद घराच्या फाटकाला बांधून ते माणूस निघून गेलं होतं. एवढीच त्याची माहिती. बाळ्या म्हणाला, "हे ध्यान कुठून उचललंस?"

"ध्यान नाही म्हणायचं. भुंगा. नाव ठेवलंय मी."

भुंगा! जगात इतकी नावं पडली असताना हिला लाकडाच्या वैऱ्याचंच नाव सुचावं! माझं पित्त तिथेच खवळलं.

दुसऱ्या दिवशी दोघं कामाला निघाली. बाळ्या पुढे जिना उतरला. सूनबाईने उंबरठ्यावर वाकून कुत्र्याचं तोंड दोन्ही हातांत धरलं आणि लाडात येऊन म्हणाली, "येते हं भुंग्या. येते बाळा, लवकर येते." मग तिने मला ओढून घेतलं आणि कुलूप खट् वाजलं. तिथून माझ्या आयुष्याचं वाटोळं सुरू झालं.

मित्रांनो, कुत्रा रडतो असं तुम्ही ऐकलं असेल. हा आकांत करत होता. आधी त्याने फटीला नाक लावून हुंगलं, मग एक लांबलचक हेल काढला, आणि मग दोन्ही पंजांनी तो मला खणायला लागला. हो, जमीन खणतात तसं. पॉलिश गेलं, सालपटं निघाली, खालच्या कोपऱ्याचा टवका त्याने दातांनी उडवला. पायपुसणं ओलं केलं ते वेगळंच. त्याची नखं फुटून माझ्या भेगांत रक्त लागलं, तेव्हा मला त्याची कीव आली नाही. मला वाटलं, बरं झालं. संध्याकाळी सूनबाईने किल्ली फिरवली तेव्हा तो माझ्या पायाशी धापा टाकत पडला होता आणि लादीवर लाळेचं थारोळं झालं होतं. हे रोजचंच होऊन बसलं.

खालच्या मजल्यावर शिट्टीकाका राहतात. ते फुटबॉलच्या सामन्यांत पंच होते. निवृत्त झाले, पण गळ्यातली शिट्टी काही उतरली नाही. कुत्र्याने हेल काढला की काका खिडकीत येऊन शिट्टी फुंकायचे. शिट्टी ऐकून कुत्रा आणखी पिसाळायचा आणि कुत्रा ऐकून काका. या दोघांच्या तावडीत मी सापडलो. शेवटी काका वर येऊन मला मुठीने ठोकायला लागले. शेजारी बेल आहे, पण नाही, त्यांना मूठच लागते.

"तुमचा भुंगा आहे की भोंगा?" काका कडाडले.

"काका, नवीन आहे तो," सूनबाई म्हणाली. "एकटं राहायची भीती वाटते त्याला. शिकवतोय आम्ही."

"शिकवा नाहीतर कॉलेजात घाला, मला काय त्याचं? माझी दुपारची झोप गेली ती गेली. इमारतीच्या मीटिंगमध्ये विषय काढणार आहे मी."

मी बंद झालो तसा बाळ्या भडकला. "ऐकलंस ना? चारचौघांत मला मान खाली घालायला लावू नकोस. एक तर हा सुधारेल, नाहीतर आला तिकडे परत जाईल."

"एकदा टाकलेल्याला पुन्हा टाकायचं? शेल्टरवाले म्हणाले, परत आलेल्या मोठ्या कुत्र्याला कुणी घेत नाही. मग तो आयुष्यभर पिंजऱ्यातच."

"मग शोध कुणीतरी शिकवणारा. पण लवकर."

तेव्हापासून सूनबाई माझ्या अंगाला खांदा टेकून फोन करत बसायची, त्यामुळे मला सगळं ऐकावं लागलं. एक जण म्हणाला, आम्ही फक्त पिल्लं शिकवतो. दुसरा म्हणाला, कुत्रा आमच्याकडे सोडून जा, तयार करून देतो. सूनबाईने विचारलं, "सोडून गेल्यामुळेच तर तो असा झालाय, आणखी सोडून जाऊ?" त्यावर त्याने फोन ठेवून दिला. तिसरीने कुत्र्यांसाठी म्हणून शांत संगीत पाठवलं. ते लावून सूनबाई कामाला गेली, आणि त्या दिवशी कुत्र्याने मला तालासुरात ओरबाडलं.

मग सार्जंट आला. हे नाव त्याने स्वतःच लावून घेतलेलं होतं. पायांत जाडजूड बूट, हातात साखळी आणि छाती घरात सगळ्यांच्या आधी शिरणारी. "मी तीनच शब्द शिकवतो," तो म्हणाला. "बस, थांब आणि ये. एवढे आले की कुत्रा माणसात आला." कुत्रा "बस"ला बसला आणि "थांब"ला थांबला. सार्जंट खोलीच्या पलीकडच्या टोकाला जाऊन ओरडला, "ये!"

कुत्रा शहारला. शेपूट पोटात घालून तो नेमका उलटा, म्हणजे माझ्याकडे धावत सुटला आणि माझ्या पायाशी येऊन मुतला.

"ये म्हटलं की जातो! अट्टल आहे," सार्जंट म्हणाला. त्याने साखळी ओढून ओढून "ये" शिकवायचा सपाटा लावला. जितक्या वेळा "ये", तितक्या वेळा कुत्रा माझ्याकडे. शेवटी सार्जंटने साखळी फिरवली. ती कुत्र्याला चुकली आणि मला लागली. सूनबाई आतून आली, साखळी त्याच्या हातातून काढून घेतली आणि मला सताड उघडून म्हणाली, "निघा." जिना उतरता उतरता तो म्हणाला, "कुत्रा वाया गेलाय, आणि बाई तुम्हीही." खरं सांगतो, तेवढ्या दिवसापुरता मला कुत्र्याहून त्या माणसाचा जास्त राग आला.

प्राण्यांच्या डॉक्टरांनी मात्र कुत्र्याला तपासून सांगितलं, की हा हट्ट नाही, ही भीती आहे, आणि धाकाने भीती वाढते. त्यांनी काही औषध दिलं आणि एका प्रशिक्षिकेचा नंबर दिला. तोवर त्याला एकटं ठेवू नका, असंही बजावलं. सूनबाई त्याला चष्म्याच्या दुकानात न्यायला लागली. तिथे तो मागच्या खोलीत टेबलाखाली झोपायचा आणि दुकानाचा मालक दिवसभर धुसफुसत राहायचा. ते फार दिवस चालणार नाही, हे सूनबाईलाही कळत होतं.

ती प्रशिक्षिका आली रबरी चपला घालून आणि थर्मास घेऊन. मी तिचं नाव पायरीबाई ठेवलं, कारण ती घरात बसायच्या ऐवजी जिन्याच्या पायरीवरच बसायची. तिने कुत्र्याला हात लावला नाही, की गोड बोलली नाही. एक मोबाईल आत भिंतीवरच्या फळीवर उभा करून ठेवला आणि दुसऱ्यावर आतलं सगळं बघत बाहेर बसली.

"चहा घेणार ना?" सूनबाईने विचारलं.

"नको. मला कुत्राही नका दाखवू. तुम्ही घराबाहेर कशा पडता ते दाखवा."

सूनबाईच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. पण अडलेली होती, काय करणार? पायरीबाईने सांगितलं तशी तिने किल्ल्या उचलल्या. कुत्रा नुसता बघत राहिला. तिने चपला घातल्या, पिशवी घेतली, तरी तो बघत राहिला. मग ती एक शब्दही न बोलता बाहेर आली आणि मला ओढून घेतलं. कुत्रा माझ्याजवळ आला, हुंगलं, थोडा कण्हला, पण पंजा उचलला नाही. तेवढ्यात पायरीबाईने तिला परत आत धाडलं.

"आता रोजच्यासारखं निघा. अगदी रोजच्यासारखं."

सूनबाई वाकली आणि कुत्र्याचं तोंड तिने हातांत धरलं. "येते हं भुंग्या..." वाक्य पुरं व्हायच्या आत कुत्र्याच्या अंगाला कापरं भरलं. मी बंद झालो आणि त्याने माझ्यावर झडप घातली. पायरीबाईने हात हलवला तशी सूनबाई धावत आत शिरली आणि त्याला जवळ घेऊन बसली. तो शांत झाल्यावर ती बाहेर आली.

"काय म्हणालात त्याला?"

"कुठे काय? येते म्हणाले."

"आणि जवळ बोलावताना काय म्हणता?"

"ये म्हणते. दुसरं काय म्हणणार?"

पायरीबाईने थर्मासचं झाकण घट्ट लावलं. "म्हणजे जवळ बोलवायचं तरी ये, आणि टाकून जायचं तरी येते. आपल्याला कळतं हो, की निघणारा माणूस येते म्हणतो. कुत्र्याला व्याकरण शिकवलंय का कुणी? याचं आधीचं माणूसही असंच तोंड कुरवाळून, येतो हं राजा, असं काहीतरी म्हणून गेलेलं असणार. ते आलं नाही. आणि तुम्ही रोज सकाळी त्याच गोड सुरात त्याला तेच ऐकवता."

सूनबाई मटकन पायरीवर बसली. तिचे डोळे भरून आले.

"रडायचं नंतर," पायरीबाई म्हणाली. "नुसता शब्द बदलून तो बरा होणार नाही. एकटं राहणं त्याला थेंबाथेंबाने शिकवावं लागेल. तो घाबरायच्या आत परत यायचं. रोज, कंटाळा न करता. जमणार असेल तर सांगा, नाहीतर माझाही वेळ जातो."

"जमवीन मी. पण निघताना मग म्हणू काय?"

"काहीही म्हणा. भोपळा म्हणा. तो शब्द नको आणि तो सूर नको."

दुसऱ्या दिवसापासून आमच्या घरात भोपळा सुरू झाला. "भोपळा हं भुंग्या, भोपळा बाळा," असं सूनबाई इतक्या लाडाने म्हणायची, की कुत्रा भोपळा ऐकूनही थरथर कापायला लागला. जवळ बोलावताना मात्र ती "इकडे" म्हणू लागली, आणि काय सांगू, तो अट्टल समजला गेलेला कुत्रा एका हाकेत तिच्या मांडीशी येऊन बसायला लागला. अडत होतं ते फक्त निघण्यापाशी. मग एके सकाळी तिचं डोकं दुखत होतं, भोपळ्याचा कंटाळा आला होता, आणि तिच्या तोंडून सरळ निघून गेलं, "जाते मी."

लाड नाही, कुरवाळणं नाही. ती गेली, जिन्याच्या वळणापर्यंत उतरली आणि परत आली. कुत्रा माझ्यासमोर उभा होता, पण गप्प होता.

मग रोज तेच. "जाते मी," आणि ती वळणापर्यंत जाऊन परत. "जाते मी," आणि फाटकापर्यंत जाऊन परत. एखाद्या दिवशी गाडी मागे यायची, कुत्रा कण्हायला लागायचा, की पायरीबाई फोनवरून तिला झापायची आणि ती पुन्हा वळणापासून सुरू करायची. हळूहळू तिची मजल कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत गेली. जाते म्हणून गेलेली बाई प्रत्येक वेळी परत येत होती. या सगळ्यात मी किती वेळा उघडलो आणि मिटलो, याची कुणाला पर्वा नव्हती. माझ्या बिजागऱ्या किंचाळायला लागल्या. कुत्र्यासाठी औषध येत होतं, माझ्यासाठी चमचाभर तेल येत नव्हतं.

आणि एक दिवस ते "जाते" बाळ्याच्या कानावर पडलं.

"आईच्या दारात उभी राहून जाते म्हणतेस?"

"अरे, त्याला तेच बरं वाटतं."

"मला नाही बरं वाटत! बाबा एकदाच म्हणाले होते, माहितीये ना तुला? ॲम्ब्युलन्स खाली उभी होती तेव्हा. थट्टेत म्हणाले, जातो."

तो दिवस मलाही आठवतो. आई पाणी आणायला आत वळल्या होत्या. त्या पेला घेऊन बाहेर येईपर्यंत गाडी निघून गेली होती. बाबा परत आले नाहीत.

 तरी दुसऱ्या दिवशी सूनबाईने पुन्हा "जाते"च म्हटलं, फक्त हळू आवाजात. नवराबायकोत अबोला धरला गेला. त्यात मीटिंग झाली. शिट्टीकाकांनी तिथे बाळ्याची अशी काही शोभा केली, की तो लाल चेहऱ्याने घरी आला आणि त्याने थेट शेल्टरला फोन लावला. "रविवारी सोडतो आणून," एवढंच म्हणाला.  कुत्रा त्याच्या पायावर हनुवटी ठेवून झोपला होता.

रविवार उजाडला. बाळ्या हातात पट्टा घेऊन आला, तर सूनबाई मला पाठ लावून उभी.

"बाजूला हो."

"नाही होणार. एकदा थांबून बघ त्याला, एकटा कसा राहतो ते. इतके दिवस झाले, तू एकदाही बघितलं नाहीस."

"मला बघायचं नाही! खाली तो म्हातारा शिट्ट्या फुंकतोय, वर तू जाते जाते करतेस. या घरात फक्त कुत्र्याचं चालतं. राहा मग तुम्ही दोघं. जातो मी!"

शब्द तोंडातून निघाला आणि बाळ्याचा चेहरा उतरला. पण माघार घेईल तर तो बाळ्या कसला? तिला बाजूला सारून त्याने मला उघडलं आणि जिना उतरायला लागला. "अरे, असा जाऊ नकोस!" म्हणत सूनबाई अनवाणी त्याच्या मागे धावली. जिन्याच्या खिडकीतून वारा आला आणि मी धाडकन लागलो. कुणी म्हणेल, मी मुद्दाम लागलो. म्हणू दे.

दोघं वळणावर थबकली.

"किल्ली?" बाळ्याने विचारलं.

"आत. तुझी?"

"आतच."

पट्टा मात्र त्याच्या हातात होता. सूनबाई कुजबुजली, "इथे उभं राहिलो तर त्याला आपली चाहूल लागेल. खाली चल." बाळ्याने खिशातला फोन काढून कुलूपवाल्याला लावला. तो म्हणाला, हातातलं काम झालं की येतो. म्हणजे कधी, ते देव जाणे. दोघांची पावलं खाली गेली. कोपऱ्यावरच्या दुकानाहून जास्त वेळ तो कुत्रा अजून एकदाही एकटा राहिला नव्हता. आज त्याने आकांत केला, तर बाळ्या तो ऐकणार होता आणि कुत्र्याचा निकाल लागणार होता.

आता आम्ही दोघंच उरलो. तो माझ्यापाशी आला. फटीला नाक लावून त्याने बराच वेळ हुंगलं. मग पंजा उचलला आणि माझ्या फळीवर ठेवला, नेमका जुन्या ओरखड्यांवर. मी अंग ताठ केलं. तो कण्हला. पंजा तिथेच राहिला, मग त्याने तो खाली घेतला. खोलीत एक फेरी मारली, पाणी प्यायला आणि परत येऊन माझ्या अंगाला पाठ लावून आडवा झाला. त्याच्या श्वासाने माझी फळी हलत होती. मला ते अजिबात आवडलं नाही.

तेवढ्यात जिन्यावर सपाता वाजल्या. शिट्टीकाका. आज कुत्रा जाणार, हे त्यांना माहीत होतं, आणि गेला की नाही याची खात्री करायला ते आले होते. त्यांनी माझ्यावर कान टेकला. कानाच्या बरोबर खाली, पलीकडच्या बाजूला, कुत्रा. आतून श्वासाचा आवाज आला असावा, कारण काकांच्या कपाळाला आठ्या पडल्या. त्यांनी इकडेतिकडे बघितलं, शिट्टी ओठांत धरली आणि माझ्या फटीशी वाकून जीव खाऊन फुंकली.

कुत्रा ताडकन उठला, केस पिंजारले आणि मोठ्याने भुंकला.

"काका!" खालून सूनबाई ओरडली. ती धावत वर आली, तिच्या मागे बाळ्या.  काका हात नाचवत होते. "ऐकलंत ना? भुंकलं! सांगत होतो मी!"

"तुम्ही कानाशी शिट्टी फुंकल्यावर मीही भुंकलो असतो," बाळ्या म्हणाला.

 आता पुढचा हेल येणार, म्हणून सगळे माझ्याकडे बघत राहिले. सूनबाईने डोळे मिटून घेतले होते. आत कुत्रा थोडा वेळ माझ्याकडे बघत उभा राहिला. मग त्याने अंग झाडलं आणि पुन्हा खाली बसला.

"आता गप्प कसं झालं?" काकांनी संशयाने विचारलं. "आधी तर रोज आभाळ डोक्यावर घ्यायचं."

बाळ्याने हातातल्या पट्ट्याकडे पाहिलं. "मी जातो म्हणून सांगून आलोय त्याला," तो म्हणाला.

काकांना यातलं काही कळलं नाही. "चक्रम आहात तुम्ही सगळे," असं म्हणून ते सपाता फटकारत खाली गेले. पुढच्या मीटिंगमध्ये बघून घेण्याचीही धमकी त्यांनी वळणावरून दिली.

यथावकाश कुलूपवाला आला. त्याने कुलपात एक बारीक तार घातली आणि काम करता करता दुसऱ्या हाताने मला चाचपलं. "लाकूड काय झकास आहे! आणि खाली हे कुणी केलं हो?"

"आमच्या कुत्र्याने," बाळ्या म्हणाला.

सूनबाईने मान वळवून त्याच्याकडे पाहिलं. मी उघडलो. कुत्रा उठला, पुढचे पाय ताणून त्याने मोठी जांभई दिली आणि शेपूट हलवत दोघांना हुंगलं. नाचला नाही, लोळला नाही. माणसं येणारच होती, ती आली, असा त्याचा थाट. बाळ्याने खाली बसून त्याच्या गळ्यात पट्टा अडकवला. सूनबाईचा हात एकदम माझ्या कडेला घट्ट बसला.

"कुठे नेतोस?"

"खाली," बाळ्या म्हणाला. "फिरवून आणतो."

मित्रांनो, ही माझी कहाणी. पुढे बाळ्याने माझ्या खालच्या फळीवर पत्रा ठोकला, त्यामुळे आता मी गोदामाच्या दारासारखा दिसतो. मी त्या कुत्र्याला माफ केलेलं नाही आणि करणारही नाही. शिट्टीकाकांना तर मुळीच नाही. माझ्या बिजागऱ्या अजून कोरड्याच आहेत. तुमच्या घरी असाच एखादा जुना दरवाजा असेल, तर त्याला तेल घाला, लाथ मारू नका आणि रागाच्या भरात तो आपटू नका. आणि एक लक्षात ठेवा. तुम्ही आम्हाला ओढून घेता आणि जिना उतरून जाता, तुम्हाला फक्त आमची बाहेरची बाजू माहीत असते. आत फटीला नाक लावून कोण बसलंय, ते आम्हाला बघावं लागतं. निघताना येतो म्हणा, जातो म्हणा, तुमची मर्जी. पण या.